सुशी, सुशीला आणि सोयाबीन

मराठवाड्यात 'सुशी' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोक्यात पुढचं 'ला' आपोआप जोडलं जातं. मुरमुरे पाण्यात बुडवायचे, लगेच काढून मुठीत दाबून पिळायचे, शेंगदाणे-कांदा-हिरव्या मिरचीच्या फोडणीवर टाकायचे, वरून डाळव्याचं कूट भुरभुरायचं, की झाली सुशीला. तेव्हा छत्रपती संभाजीनगरात जपानी हॉटेल उघडलं आणि पाटीवर 'सुशी' लिहिलेलं दिसलं, की पहिला विनोद ठरलेलाच: एवढ्या पैशांत तर घरी महिनाभर सुशीला होईल.

विनोद वाटतो तितका वाह्यात नाही. दोन्ही पदार्थ तांदळाचे, दोन्ही मुठीतले, आणि दोन्ही बिघडतात ते पाण्याच्या हिशोबात. मुरमुरे पाण्यात जरा जास्त राहिले की लगदा. सुशीच्या भाताचंही तेच. कच्च्या माशाची चर्चा सगळे करतात, बिलही माशाचंच लागतं, पण अशा हॉटेलची परीक्षा स्वस्तातल्या तीन गोष्टींवर होते: तांदूळ, पाणी आणि सोयाबीन. पैकी पहिली दोन स्वयंपाकघरात बघायची. तिसरीसाठी गावाबाहेर जावं लागेल, म्हणून ती शेवटी.

'सुशी' या शब्दाचा मूळ अर्थ आंबट. पूर्वी मासा टिकवायला तो मिठाबरोबर भातात दाबून महिनोन् महिने आंबवत, आणि खाताना तो भात चक्क टाकून देत. आजच्या सुशीत आंबवण्याची जागा व्हिनेगरने घेतली आणि टाकायचा भात मुख्य झाला. म्हणजे मासा नसलेली सुशी असते, भात नसलेली नसते. नुसता कच्चा मासा समोर आला तर ती साशिमी.

हा भात आखूड, गोलसर दाण्याच्या जपानी तांदळाचा. त्यात अमायलोज नावाचा स्टार्च कमी, म्हणून दाणे एकमेकांना धरून राहतात. बासमतीत ते जास्त, म्हणून तिचा दाणा सुटा. बिर्याणीला उत्तम आणि इथे निरुपयोगी. आपल्याकडे जवळचा म्हणावा असा इंद्रायणी. घरी करून बघायचं तर तो घ्यावा, मात्र त्याचा स्वतःचा वास थोडा पुढे येतो हे धरून चालावं. आंबेमोहोर नको, त्याचा वास माशाशी भांडतो.

कृती लांब नाही, पण प्रत्येक पायरीला कारण आहे. ३०० ग्रॅम तांदूळ तीन-चार पाण्यांतून धुवायचे, पाणी जवळजवळ नितळ होईपर्यंत. वरची पिठी राहिली तर भात गिच्च होतो, आणि जोरात चोळले तर दाणा मोडून पुन्हा पिठीच तयार होते. मग अर्धा तास भिजवून निथळायचे. एका वाटीला जेमतेम एक वाटी पाणी, फार तर दोन चमचे वर; इंद्रायणी जुना असेल तर सव्वा वाटी. शिजल्यावर झाकण न उघडता १० ते १५ मिनिटं वाफ मुरू द्यायची. तोवर ५० मिलिलिटर तांदळाचा व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर आणि एक छोटा चमचा मीठ कोमट करून विरघळवायचं. उकळायचं नाही, आंबटपणा वाफेबरोबर निघून जातो. गरम भात पसरट लाकडी भांड्यात काढून त्यावर हे शिंपडायचं आणि उलथनं आडवं धरून भात कापल्यासारखा हलवायचा. ढवळला की संपला. एका हाताने वारा घालायचा, म्हणजे वरचं पाणी उडतं आणि दाण्याला चकाकी येते. शेवटी ओल्या फडक्याने झाकायचं.

झाकायचं म्हणजे झाकायचंच, फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. नव्या हॉटेलांत नेमकं इथेच चुकतं. शिजलेल्या भातातला स्टार्च फ्रिजच्या थंडीत झपाट्याने पुन्हा घट्ट बांधला जातो आणि दाणा कडक, खडूसारखा होतो. रात्रीचा भात सकाळी फोडणीला का चांगला लागतो, त्याचं कारण हेच: दाणे सुटे झालेले असतात. फोडणीच्या भातात जो गुण, तो सुशीत दोष. सुशीचा भात अंगाच्या उबेइतपत कोमट हवा आणि मासा थंड. रोल आधीच वळून फ्रिजमध्ये रचले असतील तर पहिल्याच घासाला मधला दाणा कचकचतो. तसं झालं तर पुढची ऑर्डर गरम पदार्थांची द्यावी, वाद घालत बसू नये.

म्हणून पहिली मागणी काकडीच्या रोलची करावी. नाव काप्पा माकी. त्यात भात, नोरी नावाचा समुद्री शेवाळाचा पापुद्रा आणि काकडी, बास. लपवायला जागाच नाही. नोरी ताजी असेल तर दाताखाली कुरकुरून तुटते. रोल वळून ठेवून दिलेला असेल तर ती भाताचं पाणी पिऊन चिवट होते आणि ओढावी लागते. भात तोंडात गेल्यावर दाणा-दाणा सुटायला हवा, हातात मात्र सुटता कामा नये. नाकाला झोंबणारा वास आला तर तांदळाच्या व्हिनेगरऐवजी चायनीजच्या गाडीवरचा पांढरा व्हिनेगर वापरलाय असं समजावं. मेयॉनेज, चीज, तिखट सॉस आणि तळलेल्या चुऱ्याखाली गाडलेले रोल वाईट असतात असं नाही, पण त्यांवरून स्वयंपाक्याची परीक्षा होत नाही. ठेच्याबरोबर भाकर कच्ची की भाजलेली, कळतं का कुणाला?

आता पाणी.

जपानी सूपाचा, बुडवायच्या रसाचा, अनेक भाज्यांचा पाया म्हणजे दाशी. एक लिटर पाण्यात कोम्बू या जाड समुद्री शेवाळाचा १० ग्रॅमचा तुकडा अर्धा तास भिजवायचा, मंद आचेवर साठेक अंशांपर्यंत आणायचा आणि उकळी फुटायच्या आत बाहेर काढायचा. उकळला तर रस बुळबुळीत आणि कडवट होतो. मग २० ते ३० ग्रॅम कात्सुओबुशी, म्हणजे धुरावून सुकवलेल्या बोनिटो माशाचा कीस, टाकून आच बंद. दोन मिनिटांत गाळायचं, पिळायचं नाही. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने या कोम्बूतूनच ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला 'उमामी' म्हटलं. कोम्बूतलं ग्लुटामेट आणि माशातलं इनोसिनेट एकत्र आले की चव बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते.

पण हे सगळं जपानच्या पाण्यात. तिथलं पाणी बहुतांशी हलकं. आपलं बोअरचं जड, क्षाराचं. डाळ शिजत नाही म्हणून बायका ज्या पाण्याला नावं ठेवतात, त्याच पाण्यात कोम्बूचा रसही नीट उतरत नाही, कॅल्शियम आडवं येतं. भातही त्यात कडक होतो. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं आणि मधले दिवस टँकर-बोअरवर निघतात, तिथे स्वयंपाकाला कोणतं पाणी वापरता हा प्रश्न हॉटेलला खुशाल विचारावा. दाशी आणि भाताला शुद्ध केलेलं हलकं पाणी वापरणाऱ्याला निम्मं गणित सुटलेलं आहे. आजचं मिसो सूप (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) कालच्यापेक्षा बेचव लागलं तर त्यात आचाऱ्याचा हात बिघडला नसेलही, टँकर बदलला असेल.

मिसो सूपात मिसो शेवटी. वाटीभर, म्हणजे साधारण २०० मिलिलिटर दाशीला एक मोठा चमचा, थोड्या रसात कालवून, आच बंद करून. नंतर उकळी आणली की वास उडून जातो आणि उरतो नुसता खारटपणा. येसराची आमटी जितकी उकळेल तितकी खुलते. हे उलट प्रकरण. प्यायची पद्धत मात्र ओळखीची निघते: वाटी उचलायची, ओठाला लावायची आणि भुरका मारायचा. चमचा मागायची गरज नाही. नूडल्सचाही आवाज करूनच भुरका मारतात. लहानपणी ज्यासाठी धपाटा मिळाला, ते इथे रीतीत बसतं.

शाकाहारी माणसाने इथे डोळे उघडे ठेवावेत. ताटात मासा दिसत नाही म्हणजे मासा नाही, असं जपानी जेवणात होत नाही. मिसो सूप, तळलेल्या तोफूभोवतीचा रस, तेम्पुराबरोबरची वाटी, भाजीचं लोणचं, नूडल्सचं पाणी, सगळीकडे दाशी असू शकते. 'व्हेज आहे ना?' असं विचारलं की वाढणारा भाजी बघून हो म्हणतो. विचारायचं ते असं: दाशीत बोनिटो आहे का? तपकिरी सॉसमध्ये अँचोव्ही असू शकतं, मेयॉनेजमध्ये अंडं, मिरिन या स्वयंपाकातल्या गोड तांदूळ-दारूत साधारण १४ टक्के अल्कोहोल. जपानी करीच्या तयार वड्यांत बऱ्याचदा गाईची किंवा डुकराची चरबी असते, त्यामुळे 'व्हेज करी राइस' मागताना वडी तयार आणलेली की इथे केलेली, हेही विचारावं.

आणि शुद्ध शाकाहारी जपानी जेवण नसतंच, असंही नाही. बौद्ध मठांतलं शोजिन र्योरी पूर्ण शाकाहारी, वर कांदा-लसूणही वर्ज्य. त्यात दाशी कोम्बूची आणि रात्रभर थंड पाण्यात भिजवलेल्या सुक्या शिताके अळंब्यांची. जैन माणसाला अळंबी चालत नसेल तर नुसत्या कोम्बूची करून मिळू शकते, आधी फोन केला तर. अजिंठ्यामुळे जपानी माणूस या शहराला नवा नाही. लेण्यांच्या जतनाच्या आणि पर्यटनाच्या कामांसाठी १९९० च्या दशकापासून जपानचं कर्जही आलेलं आहे. बुद्ध बघायला इतक्या लांबून येणाऱ्यांच्या देशातलं हे मठातलं ताट इथल्या मेनूकार्डावर मुख्य असायला हवं होतं. ते सोडून चिकन टेरियाकी पहिल्या पानावर छापतात, याला काय म्हणावं.

वासाबीबद्दल एकच सांगणं: ठेचा खाणाऱ्याने गाफील राहू नये. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेला धरून बसतं. वासाबीचं तिखट मोहरी-मुळ्याच्या जातीचं, हवेत उडणारं. ते जिभेला सोडून थेट नाकातून टाळूत चढतं. हिरवी चटणी समजून बोटभर उचलली की डोळ्यांतून पाणी. पाणी पिऊन उपयोग नाही, अर्ध्या मिनिटात आपोआप उतरतं. खरी वासाबी म्हणजे एका झाडाचा कंद, ताजा किसला तरच. पंधरा मिनिटांत त्याचा दरवळ जातो. बहुतेक ठिकाणी मिळते ती हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरव्या रंगाची. त्यात फसवणूक वाटून घ्यायचं कारण नाही, जपानमध्येही सर्रास तीच असते. पूड गार पाण्यात घट्ट कालवून वाटी उपडी करून पाच-दहा मिनिटं ठेवली तरच झणका चढतो. गरम पाण्यात कालवली तर ज्या विकरामुळे तिखटपणा तयार होतो तेच मरतं.

सोया सॉसमध्ये मासा बुडवायचा, भात नाही. भात सॉस पिऊन फुटतो, आणि जेवण खारट होतं ते वेगळंच. साध्या गडद सॉसमध्ये सोळाएक टक्के मीठ असतं, एका मोठ्या चमच्यात अडीच ग्रॅमच्या आसपास. निगिरी, म्हणजे भाताच्या लहान मुटक्यावर मासा, हाताने खाल्ली तर चालते. चालते कशाला, तीच जुनी रीत. दोन काड्यांशी झगडत बसलेल्यांनी एवढं ऐकून हुश्श करावं. गुलाबी आलं मधेमधे खायचं, जीभ स्वच्छ करायला. माशावर ठेवून नाही.

काड्या वापरायच्याच तर दोन गोष्टी टाळाव्यात, आणि त्या मराठी माणसाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. भातात काड्या उभ्या खोचू नयेत, तसा भात मयतापुढे ठेवतात. आणि एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास देऊ नये. जपानमध्ये दहनानंतर नातेवाईक अस्थी काड्यांनी उचलून एकमेकांकडे देत कलशात ठेवतात. ज्याच्याकडे तिसऱ्या दिवशी सावडायला जातात, पिंडाचा भात वेगळा ठेवतात, त्याच्या हातून ही चूक एकदा कळल्यावर पुन्हा होणार नाही.

तेम्पुरा म्हणजे जपानी भजी, असं सांगून मोकळं होता येतं, पण पिठाचं गणित अगदी उलटं आहे. बेसनात ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, नाही, म्हणून भज्याचं पीठ फेटून फेटून हलकं करतो. तेम्पुरा मैद्याचा, फेटला की ग्लुटेन ताणलं जातं आणि कवच चिवट, ब्रेडसारखं होतं. म्हणून १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं आणि बर्फाचं पाणी मिळून २०० मिलिलिटर, चार-सहा वेळा हलवायचं आणि गुठळ्या तशाच राहू द्यायच्या. पाणी गार का? गारठ्यात ग्लुटेन सावकाश तयार होतं. मराठवाड्याच्या मे महिन्यात स्वयंपाकघर चाळिशी ओलांडून बसलेलं असताना पिठाचं भांडं बर्फाच्या परातीत ठेवल्याशिवाय तेम्पुरा होत नाही, आणि पीठ थोडं-थोडंच कालवावं लागतं. तेल १७० ते १८० अंश: पिठाचा थेंब टाकला की मध्यापर्यंत बुडून वर यायला हवा. तळाला जाऊन रेंगाळला तर तेल थंड, वरच्यावर फुटला तर जास्त तापलेलं. पार्सल घेऊ नये. डब्यात वाफ कोंडते आणि घरी पोचेपर्यंत ओली भजी उरतात.

रामेनही पार्सलचा पदार्थ नव्हे. त्याच्या पिवळसर, लवचिक नूडल्समध्ये कान्सुई नावाचा क्षार असतो, आपल्या पापडखाराचा भाऊ. वाटी समोर आली की फोटो एकच, मग खायला लागावं. गरम पाण्यात शेवया किती वेळ टिकतात ते आपल्याला माहीत आहेच.

आता तो कच्चा मासा. समुद्र इथून तीनशे किलोमीटरच्या पलीकडे, म्हणून लोक नाक मुरडतात. पण कच्च्या खायच्या माशाचा प्रश्न अंतराचा कमी आणि थंडीचा जास्त. परजीवी मरावेत म्हणून मासा उणे २० अंशांवर ७ दिवस किंवा उणे ३५ अंशांवर १५ तास गोठवलेला असावा लागतो. घरच्या फ्रीझरचा त्यावर भरवसा नाही. गोठवलेलं म्हणजे शिळं, ही समजूत इथे सोडावी. बिघाड होतो तो वितळवताना. ओट्यावर ठेवून वितळवलेला मासा बाहेरून कोमट, आतून बर्फ. तो रात्रभर फ्रिजमध्येच वितळायला हवा. ताटलीत माशाखाली पाणी साचलेलं असेल, तुकडा चमकत नसेल, वास येत असेल तर परत पाठवावा. टूना तोंडात टाकल्यावर जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली तर तिथेच थांबावं; ते हिस्टामिन, मासा मधे कुठेतरी थंडीबाहेर राहिल्याची खूण, आणि ते शिजवूनही जात नाही. गर्भवती, लहान मुलं, आजारातून उठलेले यांनी कच्चं टाळावं. आणि नाथसागरातला, म्हणजे जायकवाडी धरणातला, राहू-मरळ कितीही ताजा मिळाला तरी त्याची साशिमी करायचा उत्साह नको. गोड्या पाण्यातल्या माशांत माणसाला बाधणारे परजीवी असतात. त्याला तिखट रस्साच बरा.

हे झालं माशाचं. पण मेनूकार्ड पहिल्या पानापासून वाचा: एदामामे, मिसो, शोयु (सोया सॉस), तोफू, युबा (सोया दुधाची साय), नात्तो (आंबवलेले दाणे). सगळं सोयाबीन. सोया सॉस म्हणजे सोयाबीन आणि गहू जवळजवळ निम्मे-निम्मे, कोजी बुरशी लावून, मिठाच्या पाण्यात सहा महिने किंवा जास्त मुरवलेले. मिसो म्हणजे शिजवून कुटलेलं सोयाबीन, कोजी आणि मीठ. ज्या प्रदेशात लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव काय निघाला यावर घरातली लग्नं पुढे-मागे होतात, जिथल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने एमएयूएस ७१, १५८, ६१२ असे वाण दिले, त्या प्रदेशाच्या ताटात सोयाबीन जवळजवळ नाहीच. तेल निघतं, पेंड कोंबड्यांना जाते, आणि उरलं ते सोयाबीनच्या वड्यांच्या पाकिटातून परत येतं. एदामामे मात्र शीतपेटीतून, परदेशी पाकिटातून, बशीभर शेंगा भल्या दामाने.

एदामामे म्हणजे दुसरं काही नाही. दाणा भरलाय पण शेंग अजून हिरवी आहे, अशा वेळी तोडलेलं सोयाबीन. तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडतो, तसंच. जूनअखेर पेरलेल्या जेएस ३३५ किंवा एमएयूएस ७१ ला ही वेळ साधारण सत्तर ते ऐंशी दिवसांनी, भाद्रपदाच्या सुमारास येते आणि जेमतेम आठवडा टिकते. शेंग पिवळी पडू लागली की दाणा पिठूळ. आपले वाण तेलासाठीचे. जपानी भाजीच्या वाणाचे शंभर वाळके दाणे ३० ग्रॅमच्या वर भरतात, आपले त्याच्या निम्म्यालाही पोचत नाहीत, आणि कच्चट वासही थोडा जास्त. पण खाण्याजोगे नक्की. एकच अट: खोडमाशी-चक्रीभुंग्यासाठी फवारलेल्या रानातल्या शेंगा घ्यायच्या नाहीत. बांधाकडची दोन तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, या कामासाठी बिनफवारणीची ठेवावीत.

शेंगा झाडावरून तोडल्या की त्याच दिवशी उकडायच्या, गोडी झपाट्याने उतरते. दोन्ही टोकं कात्रीने किंचित छाटायची, म्हणजे मीठ आत शिरतं. एक लिटर पाण्याला ४० ग्रॅम मीठ काढून ठेवायचं. त्यातलं थोडं शेंगांना चोळायचं, लव निघून जाते, बाकीचं उकळत्या पाण्यात. झाकण ठेवायचं नाही, रंग जातो. जपानी शेंगांना पाच मिनिटं पुरतात. आपल्यांना आठ-दहा द्यावीत, कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडवणारा घटक असतो तो शिजल्यानेच जातो. मग चाळणीवर उपसून पसरायच्या आणि वारा घालायचा. गार पाण्यात टाकायच्या नाहीत, मीठ धुऊन निघतं. शेंग ओठात धरून दाताने ओढायची, दाणे आत आणि टरफल सुपलीत.